पोळा ते दसरा: बालाघाटात पाणी बघायला

मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगररांगेतले धबधबे बघायला जूनमध्ये निघालात, तर बहुतेक वेळा कोरडा कडा बघून परत यावं लागेल. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पहिल्या पंधरवड्यातच डोंगर पाझरायला लागतात, तसं इथे होत नाही. हा पर्जन्यछायेचा मुलूख आहे. बीड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ६००-७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जून-जुलैतला बराचसा पाऊस उन्हाळ्यात भेगाळलेली जमीनच पिऊन टाकते. ओढे खऱ्या अर्थाने वाहू लागतात ते पोळ्याच्या पुढेमागे. परतीचा पाऊस चांगला झाला तर दसऱ्यापर्यंत, कधी दिवाळीपर्यंत पाणी टिकतं. म्हणून आम्ही तारीख आधी ठरवलीच नाही. बीडच्या नातेवाइकांना सांगून ठेवलं, "बिंदुसरा नदीला पाणी आलं की फोन करा." भाद्रपदात फोन आला आणि शनिवारी पहाटे गाडी काढली.

तुम्हीही असंच करा. ओळखीचं कुणी नसेल तर पाटोदा किंवा जामखेडच्या एखाद्या लॉजवर फोन करून पाऊस कसा आहे ते विचारा.

निघण्यापूर्वी या डोंगराची ठेवण समजून घेतलेली बरी. हरिश्चंद्रगडाकडून निघालेली ही रांग अहिल्यानगर, बीड, धाराशिव अशी आग्नेयेकडे उतरत जाते. सुळके, शिखरं असं इथे फारसं काही नाही. वर मैलोन्‌मैल सपाट माळ, त्यावर बाजरी, उडीद, सोयाबीन आणि मध्येच जमीन तुटून खोल दरी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून हा काळा दगड तयार झाला. त्यातले काही थर कठीण आणि काही भुसभुशीत. पाणी खालचा मऊ थर आधी कोरतं आणि वरचा कठीण थर छज्जासारखा पुढे राहतो. धबधबा म्हणून सुंदर दिसतो तो याच रचनेमुळे, आणि धोकाही तिथेच आहे. आपण ज्या खडकावर उभे असतो तो खालून पोकळ असू शकतो, आणि सपाट माळावरून चालताना कडा जवळ आल्याचं अगदी शेवटच्या क्षणी कळतं. मुलं बरोबर असतील तर गाडीतून उतरल्यापासून हात धरा.

बीडला मुक्काम करून निघालात तर शहरातलं कंकालेश्वर आधी बघून घ्या. चौकोनी कुंडाच्या मधोमध उभं असलेलं हे देऊळ पावसाळ्यानंतर पाण्यात छान दिसतं. अर्धा तास पुरतो. मग सोलापूरच्या दिशेने मांजरसुंब्याचा घाट चढायचा. अंतर वीसेक किलोमीटर.

घाट चढून आलं की कपिलधारचा फाटा लागतो. मन्मथस्वामींची समाधी इथे आहे. वीरशैव लिंगायत समाजाचं हे मोठं श्रद्धास्थान. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्यातून आणि पलीकडे कर्नाटकातूनही पायी दिंड्या येतात. देवस्थान दरीत आहे आणि त्याला लागूनच धार कोसळते. आम्ही पोचलो तेव्हा आदल्या रात्रीच्या पावसाने पाणी गढूळ, तांबूस झालं होतं आणि आवाज पायऱ्यांवरूनच ऐकू येत होता. कपिलधारला मला सर्वांत जास्त आवडलं ते हे की घरातली म्हातारी माणसंही इथे येऊ शकतात. पायऱ्या आहेत, बसायला जागा आहे, पाणी डोळ्यांसमोर आहे. आमच्या आईचे गुडघे दुखतात, तिनेही सावकाश उतरून दर्शन घेतलं आणि तुषार अंगावर घेत बराच वेळ बसून राहिली. यात्रेच्या दिवसांत मात्र धबधब्यासाठी म्हणून जाऊ नका. गर्दी भाविकांची असते, त्यांची वाट अडवू नये. तसंच हे देवस्थान आहे हे लक्षात ठेवून कपडे, खाणं-पिणं सांभाळा.

मांजरसुंब्याच्या चौकात जेवून घ्यावं, कारण पुढे पाटोद्यापर्यंत पोटभर जेवण मिळेलच असं नाही. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि झणझणीत शेवभाजी. तिखट सोसत नसेल तर आधी सांगा.

इथून पाटोद्याकडे वळलं की माळ सुरू होतो आणि वाटेवरच्या फाट्यावरून नायगावच्या मयूर अभयारण्यात जाता येतं. हे अभयारण्य १९९४ साली जाहीर झालं. झुडपी, काटेरी रान आहे. दाट जंगलाची अपेक्षा ठेवून गेलात तर हिरमोड होईल. मोर मात्र दिसतात, सकाळी लवकर गेलात तर हमखास. एक अडचण सांगतो. मोराचा पिसारा बघण्याचे दिवस आणि धबधब्याचे दिवस जुळत नाहीत. पिसारा फुलवून नाचणारा मोर मे अखेरपासून श्रावणापर्यंत बघावा. पावसाळा सरत येतो तशी नर लांब पिसं गाळून टाकतो. आम्हाला दिसले ते बहुतेक शेपटी झडलेले, तरी निळी मान उन्हात अशी काही चकाकत होती की धाकट्या भाचीने गाडी हलू दिली नाही. खाली पडलेली पिसं सापडली तरी उचलू नका, अभयारण्यातली कोणतीही वस्तू बाहेर न्यायची नसते. हॉर्न वाजवू नका, आणि दुपारी बारा ते चार या वेळात जाऊन उपयोग नाही.

आता सौताडा. खरं सांगायचं तर हा सगळा प्रवास सौताड्यासाठी होता. पाटोद्याहून जामखेडकडे जाताना घाट उतरायच्या आधी हे गाव लागतं. जामखेडकडून आलात तर दहा-बारा किलोमीटर. गावातून दरीच्या काठाशी पोचेपर्यंत इथे काही असेल असं वाटत नाही. शेतं, बांध, गोठे, आणि मग एकदम जमीन संपते. विंचरणा नदी त्या कड्यावरून सरळ खाली उडी घेते. समोरचा अख्खा डोंगर अर्धवर्तुळात कापलेला, थरांच्या आडव्या रेषा स्पष्ट दिसतात, आणि तळाशी रामेश्वराचं देऊळ.

वरून बघून परत जाणारे बरेच असतात. गुडघे धड असतील तर तसं करू नका. खाली उतरा. पायऱ्या आहेत, पण पावसात त्यांवर शेवाळ धरतं. काठाशी शेंगा विकणाऱ्या आजींनी आमच्या चपलांकडे बघून सांगितलं, "बाबा, ह्या चपलावर नका जाऊ. बूट घाला न्हाईतर अनवाणी उतरा." त्यांचं ऐकून आम्ही गाडीतून बूट काढले आणि उतरताना दोन ठिकाणी त्याचा उपयोग कळला. पकड असलेले बूट, एक काठी आणि दोन्ही हात मोकळे राहतील अशी पाठीवरची पिशवी एवढं हवं. खाली पोचल्यावर हवा एकदम गार होते. मान वर करून बघितलं की पाणी पडताना मध्येच वाऱ्याने फाकतं आणि धार तिरकी होते. देवळात घंटा वाजवली तरी पलीकडच्याला ऐकू येत नव्हती.

कुंडात उतरू नका. ही सूचना मी सगळ्यांत कळकळीने लिहितो आहे. वरून पडणाऱ्या पाण्याने तळ किती खोल कोरला आहे हे वरून समजत नाही, आणि वरच्या माळावर पाऊस झाला तर खाली ऊन असतानाही पाणी अचानक वाढतं. पाण्याचा रंग बदलला, काड्या-पाचोळा वाहून येऊ लागला की लगेच पायऱ्यांवर चढा. २०२५ च्या सप्टेंबरात सीना आणि मांजरा या नद्यांनी या भागात काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. वर कड्यावर सेल्फीसाठी कठड्यापलीकडे जाणारी पोरं आम्ही बघितली. त्यांना हाक मारून मागे बोलावलं. तुम्हीही बोलवा, संकोच करू नका.

आजींना विचारलं, पाणी किती दिवस राहतं? त्या म्हणाल्या, "पाऊस हाय तवर हाय. उघडला की आठ-पंधरा दिसात बारीक हुती धार. मग आमी बी जातो कारखान्याला." दिवाळीच्या आसपास इथली घरंच्या घरं ऊसतोडीला निघून जातात. उचल म्हणजे आगाऊ मजुरी घेतलेली असते, बैलगाड्या किंवा ट्रॅक्टर ठरलेले असतात, आणि पार चैत्र-वैशाखापर्यंत गावात म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागे राहिलेली मुलं. धबधबा आणि गाव दोन्ही भरलेले असण्याचे दिवस हे एवढेच. म्हणून चहा, शेंगा, काकडी, जे काही लागेल ते गावातून घ्या. शहरातून पिशव्या भरून आणून रिकामी पाकिटं मात्र इथे टाकायची, हे फार चुकीचं आहे.

सौताड्याचं पाणी खाली सीनेला मिळतं, सीनेतून भीमेला आणि पुढे कृष्णेला. याच पाटोदा तालुक्याच्या डोंगरात उगम पावणारी सिंदफणा उत्तरेला गोदावरीकडे जाते. मांजराही याच डोंगरात उगम पावते, पण पूर्वेला लांबचा वळसा घेत तेलंगणात जाऊन गोदावरीला मिळते. एका माळावरच्या पावसाच्या अशा वाटा फुटतात. केजजवळ धनेगावला मांजरेवर धरण आहे आणि लातूर शहर त्या पाण्यावर जगतं. २०१६ मध्ये ते धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. आम्ही लातूरकर तेव्हा टँकरच्या रांगेत उभे राहिलेलो. त्यामुळे या माळावर ओहोळ वाहताना दिसला की आमच्या घरात कुणालाच गाडीत बसवत नाही. प्रत्येक पुलावर उतरून बघणं झालं.

मुक्कामासाठी बीड सोयीचं. जामखेडलाही साधे लॉज मिळतील. पाटोद्यात रात्री उशिरा पोचून खोली मिळेल या भरवशावर राहू नका. एसटीने येणार असाल तर बीड–जामखेड रस्त्यावरच्या गाड्या सौताड्याला थांबतात का हे कंडक्टरला आधीच विचारा आणि परतीची शेवटची गाडी कधी आहे तेही. दरीत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा सगळ्यांनी भेटायची वेळ वरच ठरवून घ्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मांजरसुंब्याला येऊन सोलापूरच्या हमरस्त्याने दक्षिणेला निघालो. वाटेत सरमकुंडी फाट्यावर थांबायलाच हवं. आतल्या बाजूला कुंथलगिरी हे जैन सिद्धक्षेत्र आहे. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये इथेच सल्लेखना, म्हणजे मृत्यूपर्यंत उपवासाचं व्रत, घेतली. टेकडीवरची पांढरी मंदिरं शांत आणि अतिशय स्वच्छ. हा पट्टा खव्याचा आहे, भूम-वाशीच्या घराघरांत म्हशी. कुंथलगिरीचा पेढा तांबूस, खमंग, कमी गोड. ताजा असेल तोवर खावा.

येडशीजवळचं रामलिंग हे या वाटेवरचं दुसरं मोठं ठिकाण. इथल्या घाटाला १९९७ पासून अभयारण्याचा दर्जा आहे आणि तो जाणवतो. नायगावच्या मानाने झाडी दाट, सावली भरपूर. पायऱ्या उतरून ओढ्याच्या वळणात वसलेलं महादेवाचं देऊळ. सीतेला सोडवताना जखमी झालेल्या जटायूला पाणी देण्यासाठी रामाने बाण मारून इथे झरा काढला, अशी कथा सांगतात आणि जटायूची समाधीही दाखवतात. देवळामागून ओढ्याच्या कडेने थोडं आत गेलं की धबधबा. सौताड्याइतका उंच नाही, पण जवळून अनुभवता येतो. माकडं फार आहेत. हातात प्रसादाची पिशवी दिसली की ओढून नेतात. चष्मा सांभाळा, त्यांना खायला घालू नका. श्रावणातले सोमवार टाळा. रेल्वेने येणाऱ्यांसाठी लातूर–कुर्डुवाडी मार्गावर येडशी स्टेशन आहे, तिथून रिक्षा मिळते. गाडी नसणाऱ्यांना बालाघाटाचा एकच कोपरा बघायचा असेल तर मी रामलिंगच सुचवेन.

वेळ उरला तर धाराशिव शहराबाहेरची लेणी किंवा तुळजापूरहून ३५ किलोमीटरच्या आसपास असलेलं नळदुर्ग, यांपैकी एक निवडा. पाऊस भरपूर झाला असेल तर डोळे मिटून नळदुर्ग. बोरी नदी किल्ल्यातच बांध घालून अडवली आहे, आणि बंधारा भरला की पाणी नर-मादी या दोन सांडव्यांतून खाली झेपावतं. बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं हे काम. पण तलाव भरलेला नसेल तर नर-मादी वाहत नाहीत, म्हणून नळदुर्गला निघण्याआधी चौकशी करा. मुक्काम तुळजापुरात करावा, भक्तनिवास आणि लॉज पुष्कळ आहेत. नवरात्रात मात्र जागा मिळणं कठीण आणि रस्ते पायी येणाऱ्या भाविकांनी भरलेले असतात. त्या दिवसांत गाडी अगदी सावकाश चालवा.

धारूरचा घाट आणि अंबाजोगाईची मुकुंदराजांची दरी आमची राहिली. ती केजच्या बाजूने वेगळी करायची आहे.

परतताना सीताफळं घ्यायला विसरू नका. बालाघाटाच्या उतारावर ती आपोआप उगवतात, आणि बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. सप्टेंबर अखेरपासून रस्त्याच्या कडेला टोपल्या घेऊन बायका-मुलं बसलेली दिसतात. डोळे उघडलेलं, खाचा पिवळसर-पांढऱ्या झालेलं, पण अजून टणक असलेलं फळ निवडा. मऊ घेतलं तर घरी पोचेपर्यंत त्याचा लगदा होतो. टणक फळं गवतात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली की दोन-तीन दिवसांत पिकतात. आणि भाव करू नका, ती डोंगरातून तोडून डोक्यावर वाहून आणलेली असतात.