बिल्ला नंबर

बाबा एसटीत कंडक्टर होते, सातारा डेपोला. पितळी बिल्ला चिंचेनं घासून लख्ख ठेवायचे. त्यामुळे मी सीसीआयई, म्हणजे सिस्को या नेटवर्किंग कंपनीची तज्ज्ञांची परीक्षा, पास झाल्याचा फोन केला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न, "बिल्ला नंबर काय दिला?"

पाच आकडी नंबर सांगितला. "म्हणजे तुझ्या आधी एवढे जण होऊन गेले?" आवाज जरा पडलाच.

म्हटलं, त्यातले हजारभर आधी वजा करा. सिस्कोनं १९९३ मध्ये ही परीक्षा सुरू केली ती १ पासून मोजत नाही, १०२४ पासून. दोनाचा दहावा घात; आपल्याला हजार जसा वाटतो, तसा कॉम्प्युटरवाल्यांना हा. आणि १०२४ नंबर कुणा माणसाचा नाहीच, तो परीक्षेच्या लॅबला दिलाय. १०२५ स्टुअर्ट बिग्ज यांना, कारण पहिली लॅब, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, त्यांनी तयार केली. परीक्षा देऊन पहिला पास झालेला माणूस टेरी स्लॅटरी, त्याचा नंबर १०२६.

"खोलीला बिल्ला?" बाबा खूप हसले.

नंबर माणसाला मिळतो, विषयाला नाही. माझ्या टीममधल्या एकानं राउटिंगनंतर सिक्युरिटीही काढलं, नंबर तोच राहिला. डेपो बदलला तरी बिल्ला तोच, हे बाबांना लगेच पटलं. दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं हे मात्र त्यांना आवडलं नाही.

आमच्या धंद्यात चार आकडी नंबरवाला मीटिंगमध्ये आला की सगळे सावरून बसतात. खरं तर लहान नंबर म्हणजे लवकर आलेला, एवढंच. पण त्यातल्या बहुतेकांनी दोन दिवसांची लॅब दिलीय, हेही खरं. ऑक्टोबर २००१ पासून ती एका दिवसावर आली. जुन्या पद्धतीत दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्हीच उभं केलेलं नेटवर्क परीक्षक मुद्दाम बिघडवून ठेवायचा आणि ते तुम्ही दुरुस्त करायचं. मला बेंगळुरूत आठ तासच होते, तरी पहिल्या खेपेला रिडिस्ट्रिब्युशनमध्ये, म्हणजे एका राउटिंग पद्धतीतले मार्ग दुसरीला कळवताना, स्वतःच लूप (डेटा गोल गोल फिरत राहील असा घोळ) करून ठेवला आणि तासभर तोच शोधत बसलो. तेव्हा बिघडवायला परीक्षकाची गरजच पडली नाही.

रविवारी घरी गेलो तर बाबांच्या डायरीत त्यांच्या बिल्ल्याच्या नंबराखाली माझा नंबर लिहिलेला. शेवटचा आकडा चुकलाय. अजून सांगितलेलं नाही.