मुंबईतल्या उरलेल्या जागा: चर्चगेट ते शिवाजी पार्क

हा फेरा रविवारीच करावा, आणि शक्यतो पावसाळ्यातल्या. सातच्या सुमारास चर्चगेटला उतरून रस्ता ओलांडला की समोर ओव्हल मैदान. तिथून क्रॉस मैदान आणि मग आझाद मैदान, सगळं पायी. नाश्ता आधीच उरकावा, मैदानात शिरल्यावर वेळेचं भान राहत नाही.

ओव्हल, क्रॉस, आझाद आणि कूपरेज ही आज चार मैदानं असली तरी मुळात तो एकच माळ, एस्प्लनेड. किल्ल्याच्या तटावरून तोफ डागायची तर समोर आडोसा नको, म्हणून कंपनी सरकारने तटाबाहेरची जागा मोकळी ठेवली. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत तट पाडले, तोफांचं काम संपलं, माळातून रस्ते गेले आणि त्याचे तुकडे पडले.

इंग्लंड-अमेरिकेत याच सुमारास वेगळं घडत होतं. लिव्हरपूलजवळच्या बर्कनहेडमध्ये १८४७ साली सार्वजनिक पैशातून, सर्वांना खुली अशी बाग झाली. ती पाहून आलेल्या ओल्मस्टेड या अमेरिकी उद्यानरचनाकाराने पुढे व्हॉक्सच्या जोडीने न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखलं, ८४३ एकरांचं. मुंबईत अशी आधी आखून सोडलेली जागा विरळाच. इथे जे मिळालं ते भलत्याच निमित्ताने: तोफा, पाण्याची टाकी, प्लेग, कचरा. हे ध्यानात ठेवून फिरलं की प्रत्येक बागेचा आकार असा का, हे आपोआप कळत जातं.

आझाद मैदानाच्या कडेला बॉम्बे जिमखाना आहे, १८७५चा. भारतातली पहिली कसोटी डिसेंबर १९३३ मध्ये इथेच झाली. त्याआधीची भांडणं मात्र जास्त रंजक. जिमखान्याच्या हिरवळीवर भारतीय माणसाला मज्जाव होता. उरलेल्या मैदानात पारशी आणि हिंदू पोरं क्रिकेट खेळायची, आणि गोरे साहेब पोलोसाठी नेमके तिथेच घोडे आणायचे. टापांनी जमीन उखडायची, टप्पा पडलेला चेंडू कुठे उडेल याचा नेम नसायचा. १८८०च्या आगेमागे पारशी खेळाडूंनी सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. पुढे पारशी, हिंदू आणि इस्लाम जिमखान्यांना समुद्राकाठी, आजच्या मरीन ड्राइव्हवर जागा मिळाल्या. त्या आजही तिथेच ओळीने आहेत. धर्मावर क्लब वाटायची ती पद्धत मला कधीच पटली नाही, पण ते तीन पट्टे त्यामुळेच बिल्डरांच्या हाती लागले नाहीत, हेही खरं.

आझाद मैदानावर बावीस खेळपट्ट्या आहेत. जागा तेवढी नाही, त्यामुळे सीमारेषा एकमेकींवर चढलेल्या. एका सामन्याचा लाँग ऑन दुसऱ्याच्या स्लिपशेजारी उभा असतो. नवख्याने मैदान तिरपं ओलांडू नये. आपण बघत असतो एक सामना आणि चेंडू येतो पाठीमागून, दुसऱ्याच सामन्यातला. मध्ये पायवाट आहे, तिनेच जावं आणि ‘बॉल’ अशी आरोळी आली की आधी डोकं झाकावं, मग बघावं. सचिन आणि कांबळीची ६६४ धावांची भागी १९८८ मध्ये झाली ती इथेच.

पावसाळी रविवार म्हणालो तो कांगा लीगसाठी. १९४८ पासून ही स्पर्धा भर पावसाळ्याच्या दिवसांत खेळवली जाते. खेळपट्टी ओली, चेंडू कधी थांबून येतो तर कधी अंगावर उसळतो. आउटफिल्डवर गवत इतकं माजलेलं की जमिनीलगतचा फटका वीस पावलांत अडकतो. धावा हव्या तर चेंडू हवेतूनच मारायला हवा, आणि हवेतून मारला की झेल. मुंबईच्या फलंदाजाला जो खडूसपणा, म्हणजे सहजी विकेट न देण्याचा हट्ट, चिकटला, त्यात या चिखलाचा वाटा मोठा आहे.

इथून ‘कमला नेहरू पार्क’ अशी पाटी असलेली बेस्ट किंवा टॅक्सी. मलबार हिलवर फार वेळ घालवू नये. हँगिंग गार्डन म्हणजे शहराला पाणी देणाऱ्या टाक्यांचं छप्पर. खाली पाणी, वर स्लॅब, त्यावर मातीचा थर. तिथे वड-पिंपळ वाढवता येत नाहीत, म्हणून मेंदी कापून केलेले प्राणी. समोर कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट, लहान मुलं बरोबर असतील तर टळत नाही. मागच्या उतारावर २०२५ पासून ४८५ मीटर लांबीचा झाडांमधला लाकडी मार्ग झालाय. तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं, तासाचा एक गट सोडतात. आयत्या वेळी गेलात तर बाहेरून फोटो काढून परत.

राणीची बाग गाठायला रविवारी लोकलच्या भरवशावर राहू नका, मेगाब्लॉक असतो. टॅक्सी बरी. बुधवारी गेलात तर मात्र दार बंद, शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालयसुद्धा. १८६२ साली उघडलेली ही बाग आधी शिवडीला होती. तिथली जमीन ख्रिस्ती दफनभूमीला गेली आणि बाग भायखळ्याला आली. गर्दी सगळी पेंग्विनकडे वळते. तुम्ही आधी झाडं बघा: अजस्र बुंध्याची गोरखचिंच, खोडालाच फुलं येणारा कैलासपती, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला लालभडक झुंबरं सोडणारी उर्वशी. संग्रहालयाबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे. १८६४ मध्ये तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना साखळदंडांनी दगा दिला, हत्ती फुटला. तुकडे नंतर जोडले.

दुपारी माहीमचं निसर्ग उद्यान, धारावी डेपोच्या समोर, मिठी नदीला लागून. १९७७ पर्यंत हा शहराचा उकिरडा होता. कचरा दबला, वर माती आली, ऐंशीच्या दशकात झाडं लावली आणि १९९४ मध्ये ३७ एकरांचं उद्यान लोकांना खुलं झालं. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, डास फोडून काढतात. लवकर शिरलात तर निवांत हिंडता येतं.

मग शिवाजी पार्क. १८९६ला प्लेग आला, दाटीवाटीच्या चाळी त्याला कारण ठरल्या, आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दादर-माटुंग्याची आखणी त्याची. माटुंग्याच्या पाच बागा (फाइव्ह गार्डन्स) आणि हे मैदान त्याच वारशातले. १९२५ साली खुलं झालं तेव्हा नाव माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये अवंतिकाबाई गोखल्यांच्या पुढाकाराने ते शिवाजी पार्क झालं. कट्ट्यावरून एक फेरी साधारण सव्वा किलोमीटर भरते.

इथला खरा तंटा मातीचा आहे. मैदानावर लाल माती टाकली जाते. पाऊस संपला की ती वाळते, रोज शेकडो मुलं धावतात आणि वरचा थर सुटा होतो. वारा पश्चिमेचा, समुद्रावरून. म्हणजे धूळ जाते ती थेट पूर्वेकडच्या इमारतींत. पाण्याचे फवारे मारून झाले, पण ऊन चढलं की जमीन तासा-दोन तासांत कोरडी, आणि नुसतं पाणी मारून सुटी माती बसत नाही. ती खरवडून उचलावीच लागते. गवत हा उपाय सगळे सांगतात. ते रुजायला काही महिने मैदानाला कुंपण घालावं लागेल, आणि दसरा मेळावा, सहा डिसेंबरचे मंडप, सकाळ-संध्याकाळची नेट हे सगळं थांबवायचं म्हटलं तर आधी कोणी थांबायचं यावरच गाडी अडते. तोवर डिसेंबर ते मे या काळात जाणार असाल तर पश्चिमेच्या, समुद्राकडच्या कट्ट्यावर बसा. डोळ्यांत कमी जाते.