आईने हाकललं, पण घराबाहेर नाही

अमेरिकेतल्या उत्तर मिनेसोटात मे महिना सरता सरता अस्पेनची झाडं पोपटी होतात, काळ्या माश्या चावून जीव नकोसा करतात, आणि काळ्या अस्वलांच्या माद्या आपल्या वाढत्या पिल्लांना स्वतःपासून दूर करायला लागतात. आम्ही राहतो डुलुथला, पण एली गावाजवळ तळ्याकाठी आमच्या ओळखीच्या एका आजोबांची केबिन आहे. त्यांचं सगळं आयुष्य याच जंगलात लाकूडकामात गेलं. या दिवसांत त्यांच्याकडे जायचं ते अस्वलांसाठीच.

छातीवर पांढरा डाग असलेली एक मादी त्यांना वर्षानुवर्षं दिसते. गेल्या वर्षीची तिची दोन पिल्लं, एक नर आणि एक मादी, यंदाही तिच्याबरोबर होती. काळ्या अस्वलाची पिल्लं जानेवारीत, गुहेतच जन्मतात. जन्मताना वजन असतं जेमतेम तीनशे ग्रॅम. उन्हाळाभर आईच्या मागे फिरायचं, पुढचा हिवाळा पुन्हा तिच्याच कुशीत काढायचा, आणि साधारण सतरा महिन्यांचं झालं की वेगळं व्हायचं. म्हणजे या जूनमध्ये त्या दोघांची वेळ आली होती.

संध्याकाळी ती मादी एक कुजका ओंडका उलटून मुंग्यांचे कोष चाटत होती. इतके दिवस ती असं काही उकरायला लागली की दोन्ही पिल्लं तोंड खुपसायची आणि ती खुपसू द्यायची. त्या दिवशी लेक नेहमीसारखी जवळ गेली, तर आईने मान वर केली, नाकातून जोरात फुत्कार सोडला, दात कटकट वाजवले, पुढचा पंजा जमिनीवर आपटला आणि सरळ तिच्या अंगावर धावली. पिल्लू पळालं ते थेट पांढऱ्या पाइनवर. नखांनी साल खरवडल्याचा आवाज आम्हाला केबिनच्या ओसरीवर ऐकू आला. आई बुंध्याशी क्षणभर थांबली, वर पाहिलं आणि झुडपात निघून गेली.

वर बसलेलं पिल्लू कण्हत होतं. तो आवाज इतका माणसासारखा असतो की पहिल्यांदा ऐकणारा उठून उभा राहतो. बऱ्याच वेळाने ते उतरलं आणि जमीन हुंगत आई गेली त्याच दिशेने निघालं. पुन्हा फुत्कार, पुन्हा झाड. भाऊ मात्र लांबूनच बघत होता; त्याला बहुतेक आदल्या दिवशीच समज मिळाली असावी. हाच पाइन गेल्या वर्षी त्या दोघांचा आसरा होता. जरा खुट्ट झालं की आई त्यांना वर पिटाळायची आणि खाली राखण करायची. यंदा त्याच झाडावर ती त्यांना स्वतःच्या धाकाने चढवत होती. हे बघताना माझे डोळे भरून आले.

पण याला निष्ठुरपणा म्हणायला मी तयार नाही. जूनमध्ये मादी माजावर येते, तिच्या वासावर मोठे नर येतात, आणि असा नर लहान अस्वलाला धोकादायक ठरू शकतो. शिवाय पिल्लं जगली की ती वर्षाआड नवी पिल्लं घालते, त्यामुळे आधीच्यांना मोकळं करणं भागच असतं. गर्भाचंही कसं आहे बघा: मीलन आत्ता होतं, पण गर्भ नोव्हेंबरपर्यंत रुजत नाही. बेरी आणि हेझलनट खाऊन अंगावर पुरेशी चरबी चढली तरच तो पुढे वाढतो.

मला सगळ्यात भावतं ते याच्या पुढचं. अस्वलांचे अभ्यासक लिन रॉजर्स यांनी याच ईशान्य मिनेसोटात अस्वलांना रेडिओ कॉलर लावून वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १९८७ साली तो प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की आई लेकीला अंगाला लागू देत नाही, पण स्वतःच्याच हद्दीतला एक भाग तिला वापरू देते. परक्या मादीला ती तिथून हुसकावते, लेकीला राहू देते. नर पिल्लं पुढे एक-दोन वर्षांत आपणहून दूर जातात. काही तर शंभर किलोमीटरच्याही पलीकडे. त्यामुळे ‘आईने वाऱ्यावर सोडलं’ असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही. कोणत्या दलदलीत कोवळं गवत लवकर येतं आणि मुंग्यांचे ओंडके कुठे पडलेत, हे सगळं दोन उन्हाळ्यांत दाखवूनच तिने लेकीला दूर केलं आहे.

माझं माहेर चंद्रपूरचं. ताडोबाकडची आपली अस्वलं पिल्लांना पाठीवर घेऊन फिरतात आणि दोन वर्षांहून अधिक काळ जवळ ठेवतात. इथली आई पाठीवर घेत नाही, झाडावर चढायला लावते. त्यामुळे इथलं पिल्लू एकटं पडलं तरी आसरा शोधणं त्याला ठाऊक असतं.

एकटी पडलेली ही पिल्लं जूनमध्ये वस्तीजवळ येतात. दिसतात केविलवाणी, आणि लोक कळवळून पाव, बिस्किटं टाकतात. कृपा करून टाकू नका. माणसाच्या हातचं खायची चटक लागलेलं अस्वल शेवटी गोळीला बळी पडतं. पक्ष्यांच्या दाण्याची भांडी उतरवून ठेवा, कचऱ्याचा डबा आत घ्या, आणि अंगणात आलंच तर मोठ्याने ओरडून हाकला.

पुढच्या खेपेला आजोबांनी सांगितलं, पांढऱ्या डागाची मादी एका मोठ्या नराबरोबर तळ्यापलीकडे दिसली. आणि लेक? ती अलीकडच्या काठाला, एकटीच ओंडके उलटत होती.