रिकाम्या कंसाने केळीत तळं केलं

जळगावला ड्रिपच्या कंट्रोलरचं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आत चालणारा प्रोग्राम, लिहितो मी, सगळं सी भाषेत. मे महिन्यात रावेरकडून एका शेतकऱ्याचा फोन, "भाऊ, व्हॉल्व रात्रभर चालूच राहिला, बागेत तळं झालं!"

व्हॉल्व उघडायच्या फंक्शनला दोन गोष्टी लागतात, नंबर आणि मिनिटं. एका जुन्या फाईलमधून नुसता नंबर जात होता, मग मिनिटं म्हणून रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या जागेत) आधीचा जो कचरा पडला असेल तो घेतला जायचा. आणि कंपायलर, म्हणजे कोड तपासून मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्राम, गप्प! ज्युनिअर म्हणे, "आते कसं करानं भो, एररच नही."

हेडरमध्ये, म्हणजे बाकीच्या फाईली वापरतात त्या सामाईक फाईलमध्ये, त्या फंक्शनची ओळख देणारं डिक्लरेशन होतं "व्हॉइड उघड();", कंस रिकामा. मग मी सी च्या स्टँडर्डच्या, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमांच्या, मागचं ॲनेक्स ए काढलं, तिथे भाषेचं सगळं ग्रामर एकत्र दिलेलं असतं. फंक्शन डिक्लरेशनसाठी वेगळा नियमच नाही त्यात! आधी टाईप, मग डिक्लरेटर, आणि डिक्लरेटर म्हणजे नाव, त्याच्या आधी स्टार नाहीतर मागे कंस, आणि हे एकात एक कितीही. कंस स्टारच्या आधी चिकटतो, म्हणून "इंट *एफ(व्हॉइड)" हे पॉइंटर (मेमरीतला पत्ता) देणारं फंक्शन आणि "इंट (*एफ)(व्हॉइड)" हा फंक्शनचा पॉइंटर.

आता गंमत बघा, त्या कंसाला दोन नियम. एकात पॅरामीटरचे, म्हणजे फंक्शनला लागणाऱ्या गोष्टींचे, टाईप, किमान एक तरी पाहिजेच, काही नसेल तर व्हॉइड लिहा. दुसऱ्यात नुसती नावं, आणि तीही ऑप्शनल. रिकामा कंस फक्त दुसऱ्यात बसतो, म्हणजे १९८९ च्या आधीची जुनी पद्धत, आणि त्याचा अर्थ "फंक्शन आहे, काय घेतं ते सांगत नाही". मग कंपायलर तपासणार तरी काय? सी २३ ने ती वाट बंद केली, रिकामा म्हणजे व्हॉइडच, पण आमचा कंपायलर जुना.

जीसीसी या दुसऱ्या कंपायलरमध्ये यासाठी वॉर्निंग आहे, पण आमच्या कंट्रोलरचे चित्रविचित्र कीवर्ड बघून ते आडवंच पडतं. रेजेक्सने (मजकुरातला नमुना शोधणाऱ्या सूत्राने) रिकामे कंस शोधावे, तर फंक्शन पॉइंटर आला की ते गडबडायचं. शेवटी तेच ग्रामर बायसनमध्ये उतरवलं, हे ग्रामरवरून कोड वाचणारा प्रोग्राम बनवून देणारं टूल. तिथे टाईपडेफने (टाईपला आपलं नाव द्यायची सोय) छळलं, कारण "अ (ब);" हा कॉल की डिक्लरेशन हे ग्रामर एकटं सांगूच शकत नाही, टाईपडेफची नावं लेक्सरला (कोडचे शब्द सुटे करणाऱ्या भागाला) पुरवावी लागतात. (हे पुस्तकात वाचून नाही कळत राव.)

रिकामे कंस बरेच निघाले. हेडर दुरुस्त केले आणि बिल्ड मारला, तर त्याच जुन्या फाईलवर कंपायलर लगेच ओरडला, आर्ग्युमेंट कमी आहेत म्हणून.