नोंद ९: चौथ्या रनचे तीन गुण

गाई वळवणाऱ्या घोड्यांच्या स्पर्धेत परीक्षक व्हायला शिकतोय, त्याच्या या नोंदी. मागच्या नोंदीत फुशारकी मारली होती की काऊ वर्कमध्ये, म्हणजे घोडा रिंगणात गाय वळवतो त्या भागात, माझे आणि मला शिकवणाऱ्या परीक्षक गुरुजींचे आकडे जुळायला लागलेत. ते शब्द गिळतो.

शनिवारी टेक्सासातल्या वेदरफर्डजवळच्या नेहमीच्या रिंगणावर होतो. सकाळी रेनिंगला (गाईविना, नुसत्या घोड्याच्या ठरलेल्या करामती) गुरुजींचा स्क्राइब, म्हणजे ते सांगतील ते गुण लिहिणारा, दुपारी काऊ वर्कला शॅडो, म्हणजे शीट माझी पण गुण कुठेच धरले जाणार नाहीत. गुरुजींनी नाव लिहायचं नाही अशी तंबी दिली आहे, म्हणून इथेही गुरुजीच.

आधी गोड बातमी. रेनिंगच्या नऊही रनमध्ये (रन म्हणजे एका घोड्याची फेरी) पेनल्टीचे रकाने तंतोतंत जुळले. स्क्राइबचं काम करताना शेजारी माझी गुप्त शीट भरत होतो. एका घोडीचा डावा स्पिन, जागच्या जागीची गिरकी, जरा पुढे गेला, आठवा हिस्सा असेल नसेल, आणि गुरुजी ‘अर्धा’ म्हणायच्या आत माझा अर्धा लिहून झाला होता. शिवाय त्या अर्ध्यासाठी स्पिनच्या गुणाला पुन्हा कात्री लावली नाही. नोंद ४ पासून वाचणाऱ्यांना हा माझा जुना रोग माहीत आहे: एकाच चुकीचे पैसे दोनदा वसूल करायचे. मनूव्हरचा, म्हणजे एकेका करामतीचा, गुण उणे दीड ते अधिक दीड या पट्टीवर, पेनल्टीचा हिशोब वेगळा, हे पाठ होतं, पण हाताला वळण लागायला वर्ष गेलं.

आता दुपार. अकरा रन. नऊ रनमध्ये फरक एका गुणाच्या आत. चौथ्याला गुरुजींचे ७४, माझे ७१. नवव्याला त्यांचे ७०, माझे ७२. म्हणजे एकदा मी कंजूष, एकदा दानशूर. सगळीकडे कंजूष असतो तर उपाय सोपा होता.

शीट शेजारी ठेवल्या. चौथ्या रनला फेन्सवरच्या, म्हणजे कुंपणालगत पळणारी गाय उलट फिरवतानाच्या, पहिल्या आणि तिसऱ्या वळणावर घोडा गाईच्या एक-एक लांबी (घोड्याच्या अंगाइतकं अंतर) पुढे गेला असं मी लिहिलंय. लांबीला एक गुण, म्हणजे दोन गेले. (इथे खोंड असो की कालवड, रिंगणात आली की ती ‘काऊ’च.) गुरुजींच्या रकान्यात शून्य. नवव्या रनला उलटं: दुसऱ्या वळणावर त्यांनी दोन लांब्या मोजल्यात, माझ्याकडे रकाना कोरा. विचारलं तर म्हणाले, “पुढच्या वेळी माझ्या मागे बस.” बस्स. पिकअपमध्ये चढले आणि गेले.

मला वाटलं माझे डोळेच अधू. घरी येताना दुर्बीण घ्यायचं जवळजवळ ठरवलंही होतं. रात्री जेवणाच्या टेबलावर काडेपेटी म्हणजे घोडा, खोडरबर म्हणजे गाय, टेबलाची कड म्हणजे फेन्स, असं मांडून बसलो. मुलीला म्हटलं, “मीठदाणी म्हणजे मी. मीठदाणीपासून खोडरबरापर्यंत दोरा धर.” तिने दोरा ताणला आणि म्हणाली, “बाबा, काडेपेटी तर पुढे आहे.” नव्हती. मी दोन्ही अगदी बरोबरीने ठेवली होती.

हेच ते. गुरुजी लांब बाजूच्या मध्यावर बसतात. मी बसलो होतो टोकाला, निवेदकाच्या माचाखाली, कारण तिथे सावली होती आणि धूळ कमी. तिथून फेन्स बाजूला ६० फुटांवर. वळण होतं ते साधारण १२० फूट पलीकडे. घोडा गाईच्या आतल्या अंगाने पळतो, दोघांच्या रेषांत ४ फूट धरा. गणित करा: माझ्यापासून लांब जाताना गाईच्या अगदी बरोबरीचा घोडासुद्धा मला ८ फूट पुढे दिसणार. ८ फूट म्हणजे जवळजवळ अख्खी लांबी! आणि माझ्याकडे परत येताना तेवढाच मागे दिसणार, म्हणजे खरोखर पुढे गेला तरी पोटात घातला जाणार. चौथ्याचं पहिलं आणि तिसरं वळण लांब जातानाचं. नवव्याचं दुसरं, परतीचं. पाच गुणांतले बहुतेक ही सावलीची किंमत.

आनंद तासभर टिकला. मग आठवलं की हिवाळ्यात ज्या ४० रनवर मी सराव केला, ते सगळे व्हिडिओ एकाच कॅमेऱ्याचे आहेत आणि तो कॅमेरा कोपऱ्यात वर टांगलेला. त्या वहीतल्या लांब्यांच्या नोंदी आता कशाला वापरायच्या? बॉक्सिंग (गाय रिंगणाच्या टोकाला रोखून धरणं) आणि सर्कल (तिला मोकळ्यात गोल फिरवणं) यांचे गुण तेवढे ठेवतो.

जाता जाता साधनांबद्दल. जेल पेन आणू नका, ऑगस्टच्या घामात शीट निळी होते. २बी पेन्सिल बरी. चकचकीत पत्र्याचा क्लिपबोर्ड तर अजिबात नको. शनिवारी एका घोडीने पहिल्याच सर्कलमध्ये त्या चमकेकडे कान टवकारले आणि गुरुजींनी माझ्याकडे नुसतं बघितलं. आता पुठ्ठा वापरतो. नजर शीटकडे जाऊ नये म्हणून छोटा रेकॉर्डर घेतलाय, स्वस्तातला. वाऱ्यात नुसता घोंगावतो, पण त्यावर मुलीचा जुना लोकरी मोजा चढवला आणि माझी कुजबूज नीट ऐकू यायला लागली.

रोपिंगवर, म्हणजे घोड्यावरून गाईला फास टाकण्यावर, थोडंच, कारण तिथे अडत नाही. फास पडला की मन खूश होतं, तेवढं आवरायचं. आपण घोडा बघतोय: गाईमागे अंतर राखतो का, फास सुटेपर्यंत धीर धरतो का, थांबताना मागच्या पायांवर बसतो का. एका तांबड्याच्या स्वाराचे दोन्ही फास हुकले, पण घोड्याने राखलेलं अंतर बघून मी कठड्याला टेकून उभाच राहिलो.

पुढचा बेत असा होता की ऑक्टोबरात फोर्ट वर्थला विल रॉजर्स संकुलात स्नॅफल बिट फ्युच्युरिटीला, याच खेळाच्या कोवळ्या घोड्यांच्या स्पर्धेला, तीन वर्षांचे घोडे बघायला जायचं, तिकीट मधल्या रांगेचं काढायचं आणि लांब्या पुन्हा घोटायच्या. हे लिहिता लिहिता वेगळंच सुचतंय. जागा नेहमी थोडीच आपल्या मनासारखी मिळणार? आमचे आजोबा गुरं वळायचे. म्हणायचे, कान फिरला की जनावर फिरलं. गाय वळून निघाली आणि घोडा अजून सरळच पळतोय, हे कुठल्याही कोनातून दिसतं, कारण त्यात अंतर नाही, वेळ आहे. आधी कोण वळलं ते बघायचं, लांबी मग. म्हणजे ती ४० रनची वही कदाचित रद्दीत जाणार नाही. या आठवड्यात त्यातले दहा रन गाईच्या कानावर नजर ठेवून पुन्हा बघतो.

चौथा रन आजच बघून झाला, एका प्रेक्षकाने मधल्या जागेवरून काढलेला फोनवरचा व्हिडिओ मिळाला. दोन्ही लांब्या खोडल्या. लांब्यांच्या रागात वळणांचेही अर्धे-अर्धे कापले होते (रोग गेला म्हणालो ना वर!), त्यातला पहिल्या वळणाचा अर्धा परत दिला. झाले ७३.५. उरलेला अर्धा देणार नाही. तिसरं वळण मला अजूनही ढिलं वाटतं.