देवळाच्या मागची गल्ली

पंढरपूरला गेलं की आई महाद्वारातल्या दुकानांकडे ढुंकूनही बघायची नाही. समोर कुंकवाचे डोंगर, चुरमुऱ्यांची पोती, तुळशीच्या माळांचे घोस, दुकानदार "या माउली, या" करतोय आणि आई आम्हा दोघी बहिणींची मनगटं धरून तरातरा पुढे. "देवळासमोर काही घेऊ नये गं. त्याला गिऱ्हाईक एकदाच भेटणार असतं. मागच्या बोळातल्याला वर्षभर गावात तोंड दाखवायचं असतं." मग दोन-तीन वळणं घेत एका ओट्यावरच्या दुकानाशी आमची वरात थांबायची. तिथे आई चिमूटभर बुक्का तळहातावर चोळून वास घ्यायची, नाक मुरडायची आणि मग तोच घ्यायची. आम्हाला त्या पायपिटीचा मनस्वी वैताग यायचा.

गेल्या नोव्हेंबरात मी आणि ताई इस्तंबूलला गेलो. दोघींनीही साठी ओलांडलेली, दोघींच्याही पर्समध्ये गुडघ्याची गोळी. पहिल्या दिवशी आईचा नियम साफ विसरलो. मोठ्या मशिदींच्या चौकात एक हसरा माणूस "नमस्ते, नमस्ते" करत समोर आला, सहा भाषांतलं सचित्र मेनूकार्ड त्याने हातात ठेवलं आणि आम्ही बसलो. जेवण बेचव होतं, ते एक असो. पण बिलात पाव होता, पाणी होतं, आणि "हे आमच्याकडून" म्हणत त्याने आणून ठेवलेली चटणीची बशीही होती. ताईने बिल दोनदा वाचलं, पैसे मोजून ठेवले आणि बाहेर आल्यावर एकच शब्द बोलली.

"महाद्वार."

दुसऱ्या दिवशी एमिन्योन्यूला मसाल्यांच्या बाजारात शिरलो. हा बाजार सतराव्या शतकातला, कमानी सुरेख, पण आत सगळं महाद्वारच: मिठाईच्या तुकड्यांचे रंगीत मनोरे आणि दर दोन पावलांवर "टेस्ट, मॅडम, टेस्ट". आम्ही बाजूच्या दाराने बाहेर पडलो आणि एका अरुंद गल्लीत सापडलो. सापडलो म्हणजे अडकलोच. कॉफी भाजल्याचा वास, लोकांची रेटारेटी, दोरखंड, चाळण्या, लाकडी पळ्या, उंदरांचे पिंजरे, आणि मागून एकदम आरोळी. त्यातला एक शब्द माझ्या कानाने आपोआप उचलला: हमाल.

मी वळून बघितलं. पाठीवर चामड्याचं खोगीर बांधलेला एक म्हातारा, त्याच्यावर त्याच्या दुप्पट उंचीची खोकी, आणि तो चढावर चाललेला. तुर्कीत हमालाला हमालच म्हणतात. अरबीतून निघालेला हा शब्द त्यांच्याकडेही गेला आणि आपल्या मार्केट यार्डातही येऊन बसला. मग मला नादच लागला. दुकानाला दुक्यान, तराजूला तेराझी, साबणाला साबून, मैदानाला मेइदान. मेइवे म्हणजे फळं, आपला मेवा. "अगं, हे तर आपलंच सगळं," असं मी म्हणताच ताईने मला जमिनीवर आणलं. "आपलं नाही, दोघांनीही तिसऱ्याकडून घेतलंय."

त्या भागाला ताहताकाले म्हणतात. घाऊक बाजार, म्हणजे आपली रविवार पेठ किंवा भुलेश्वर समजा. तिथे भांड्यांच्या दोन दुकानांमध्ये एक अंधारा जिना दिसला. तीनदा त्याच्यासमोरून गेलो तरी लक्षात आला नव्हता. वर चढलो तर एकदम मोकळी गच्ची आणि रुस्तम पाशाची मशीद. सोळाव्या शतकात सिनान या वास्तुकाराने बांधलेली. भिंतीवर वरपासून खालपर्यंत इझनिक गावच्या फरशा, निळ्या, आणि त्यात मधूनच टोमॅटोसारखा लाल. ती बाजाराच्या डोक्यावर बांधली त्याचं कारण मला फार आवडलं: खालच्या गाळ्यांच्या भाड्यातून मशिदीचा खर्च चालावा म्हणून. देवस्थानाच्या मालकीचे गाळे ही कल्पना कोणत्या मराठी माणसाला समजावून सांगावी लागेल?

दुपारी एक वाजता भूक लागली. इथे ताईने सूत्र हातात घेतली. "हॉटेल शोधू नकोस. हमाल कुठे जेवतात ते बघ." हमाल, दुकानातली पोरं, गळ्यात टेप लटकवलेला शिंपी हे सगळे एका बोळात वळत होते. आम्हीही वळलो. पाटीवर लिहिलं होतं एस्नाफ लोकांतासी, म्हणजे कारागीर-दुकानदारांची खानावळ. मेनूकार्ड नाहीच. काचेमागे वाफेवर दहा-बारा ट्रे: भरली वांगी, पालकासारखी पातळ भाजी, मटणाचे दोन प्रकार, कसलीशी उसळ, भात. बोट दाखवायचं, वाढपी ताटलीत घालतो. जास्त झालं तर हाताने "पुरे". टेबलावर पावाची टोपली, संपली की भरतात, त्याचे पैसे नाहीत. (ताईने हे खात्री करून घेतलं.) तीन वाजेपर्यंत ट्रे रिकामे होतात आणि नंतर आलेल्याला नुसतं हसून हात हलवतात. सदाशिव पेठेतल्या जुन्या खानावळींची शिस्त आठवली, फक्त इथे हसत होते.

निघताना मी "हिशेब" म्हणाले. मुद्दाम, मराठीतच. त्याने बिल आणून दिलं. तुर्कीत बिलाला हेसाप म्हणतात.

आणि चहा! कंबरेत बारीक असलेला छोटासा काचेचा पेला, बिनदुधाचा लालभडक चहा, बशीत साखरेचे दोन खडे. चहावाला पोरगा तीन साखळ्यांनी लटकवलेला ट्रे हातात झुलवत गर्दीतून पळतो, पण बशीत थेंब सांडत नाही. दुकानदार त्याला पैसे देत नाहीत, प्लास्टिकचं रंगीत टोकन देतात. टोकनं आधीच चहावाल्याकडून विकत घेऊन गल्ल्यात ठेवलेली असतात. एका दोऱ्या-बटणवाल्याने आमच्यासाठीही एक-एक टोकन टाकलं. आम्ही त्याच्याकडून घेतलं काय, तर सहा बटणं. ताईच्या कोटाची.

ती गल्ली इतकी आवडली की रविवारी पुन्हा गेलो आणि सपशेल आपटलो. सगळी शटरं खाली. तुर्कीत बाजाराला पझार म्हणतात आणि रविवारलाही पझारच. आणि नेमका पझारच्या दिवशी तिथला मोठा छतबाजारही बंद आणि ताहताकालेही! गुरुवारी बंद राहणाऱ्या पिंपरी-चिंचवडच्या दुकानांवर मी आयुष्यभर चिडत आले, तशीच चिडले.

त्यात त्या दिवशी कार्तिकी एकादशी. ताई उपास सोडायला तयार नाही. इस्तंबूलमध्ये कार्तिकीला काय खायचं याचं उत्तर कोपऱ्यावरच्या गाडीवर मिळालं. तिथे कोळशावर चेस्टनट भाजत होते. वरून चीर दिलेली, आत पिवळसर, पिठूळ, गोडसर. ताईने एक सोलून बराच वेळ चघळलं आणि निकाल दिला, "शिंगाड्याची मावसबहीण. चालेल." मी मुकाट्याने दुसरी पुडी घेतली. शास्त्रार्थ करायला सोबत कुणी गुरुजी नव्हते, ते बरंच झालं.

बारस सोडली ती सुलेमानिये मशिदीसमोर. ही मशीदही सिनानचीच, १५५० ते १५५७ या काळात बांधलेली. आत माणूस लहान होतो, तेवढं म्हणून मी पुढे जाते, कारण तिच्याबद्दल सगळ्यांनीच लिहिलंय. मला सांगायचंय ते तिच्या मागचं. सुलतान सुलेमान आणि त्याची राणी हुर्रेम यांच्या कबरी मशिदीच्या बागेत आहेत, तिथे रांग असते. ज्याने हे सगळं उभारलं तो सिनान मात्र आवाराच्या भिंतीबाहेर, दोन रस्ते मिळतात त्या टोकाच्या त्रिकोणी तुकड्यात झोपलाय. जाळीच्या भिंतीआड पांढरी कबर, वर दगडाचा फेटा आणि त्रिकोणाच्या टोकाला येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी मिळावं म्हणून पाणपोई. तीनशेहून जास्त इमारती ज्याच्या नावावर आहेत, त्याने स्वतःसाठी घेतली ती कोपऱ्यावरची चिंचोळी जागा. १५८८ मध्ये तो गेला. आम्ही होतो तेवढ्या वेळात तिथे एक मांजर आलं, जाळीतून आत गेलं, बाहेर आलं. दुसरं कुणी नाही.

समोरच्या रांगेत खानावळी आहेत आणि त्यांची ख्याती एकाच पदार्थाची: कुरू फासुल्ये. म्हणजे पांढऱ्या घेवड्याची उसळ. लोणी, टोमॅटो, थोडी मिरची, तासन् तास मंद शिजवलेली. सोबत लोण्याचा भात, लोणच्यातल्या मिरच्या आणि ताक. उसळ, भात, लोणचं, ताक! आठ तास विमानात बसून मी डाव्या-उजव्या बाजूसकट वाढलेल्या पानापाशी पोहोचले होते. फोडणी नव्हती एवढंच. ताईचं मत, जिरं असतं तर बरं झालं असतं.

हल्ली मी कुणाला हे सांगितलं की लगेच विचारतात, "अच्छा, म्हणजे फारशी कुणाला माहीत नसलेली जागा?" हा प्रश्न मला जरा खटकतो. माहीत नसलेली कुणाला? त्या खानावळीत प्राध्यापक होते, रिक्षावाल्यासारखे दिसणारे टॅक्सीवाले होते, लग्नाची खरेदी उरकून आलेलं अख्खं कुटुंब होतं. अख्ख्या शहराला माहीत होती. माहीत नव्हती ती आम्हा दोघींना. आमच्या शनिपाराजवळच्या पोहेवाल्याला उद्या कुणी गोऱ्याने "शोधून काढलं" असं जाहीर केलं, तर आम्ही हसूच की.

त्याच संध्याकाळी पाऊस भुरभुरत असताना उतार उतरून वेफा मोहल्ल्यात गेलो. जवळच चौथ्या शतकातला रोमन जलसेतू, त्याच्या कमानींखालून आता बसगाड्या धावतात. गल्लीत १८७६ पासूनचं बोझाचं दुकान आहे. आत काळपट लाकूड, आरसे, आणि भिंतीवर काचेच्या झाकणाखाली जपून ठेवलेला एक पेला: त्यातून आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक अतातुर्क प्यायले होते. गल्ल्यावरच्या पोराने आमच्या हातात पेले देण्याआधी रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. तिकडे फुटाण्यांचं दुकान. आधी फुटाणे आणायचे, मग बोझा प्यायचा, अशी रीत. तिकडच्याने कढत फुटाणे कागदी पुडीत ओतले. साल काढलेले, पिवळे, अख्खे. त्यांना तिथे लेब्लेबी म्हणतात.

पेल्यातलं प्रकरण दाट, फिकट पिवळं, वर दालचिनीची पूड. पिण्यापेक्षा चमच्याने खायचंच. राळ्यासारख्या धान्याची पेज आंबवून, साखर घालून करतात. मी पहिला चमचा घेतला आणि थांबले. गोड, मग आंबट, मग जिभेवर किंचित चुरचुर.

"ताई..."

"आंबील," ताई म्हणाली. "आदल्या रात्रीची. आई ज्वारीची करायची तशी. फक्त साखर जास्त पडलीय."

तिने वर चार फुटाणे टाकले, चमच्याने दाबून बुडवले आणि पेला तळापर्यंत खरवडला. आम्ही दुसरा घेतला. अर्धा अर्धा.

बाहेर आलो तेव्हा पाऊस थांबला होता. हॉटेल उजवीकडे, ट्राम उजवीकडे, माझे दोन्ही गुडघे उजवीकडे जायचं म्हणत होते. ताई डावीकडे वळली.

"तिकडे कुठे?"

"थांब गं, या दुकानाच्या मागे काय आहे ते बघून येते."

मागे एक बंद झालेलं केशकर्तनालय होतं, दोन लाकडी घरं, त्यातलं एक कललेलं, आणि पावसात आत घ्यायची राहून गेलेली दोरीवरची चादर. ताई पुडीतले उरलेले फुटाणे खात तिथे पाच मिनिटं उभी राहिली. मग वरच्या खिडकीतून एक बाई डोकावली, चादरीकडे बघून कपाळावर हात मारला, आणि आमच्याकडे बघून हसली.