पाळकांसोबत सोमवारची सकाळ

सोमवार हा बहुतेक पाळकांचा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचा, विसाव्याचा दिवस असतो. रविवारच्या दोन उपासना, संडे स्कूल, दुपारची पंच कमिटीची, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांची, बैठक आणि संध्याकाळच्या घरभेटी आटोपल्यावर सोमवारी सकाळी कुठे त्यांना थोडी उसंत मिळते, आणि म्हणूनच गेली 8 वर्षे पाळकांना कोच म्हणून भेटण्यासाठी मी हाच दिवस राखून ठेवला आहे. आम्ही बहुधा पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनमध्ये बसतो. तिथे जुन्या झाडांची दाट सावली आहे, बाके आहेत, आणि मंडळीतले, म्हणजे चर्चच्या सभासदांतले, ओळखीचे कोणी सहसा समोर येत नाही. चर्चच्या कचेरीत बसले तर दर दहा मिनिटांनी दार वाजते. कोणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कोणाला लग्नाची तारीख.

मी पिंपरीच्या एका कारखान्यात प्रशिक्षण विभागात 21 वर्षे नोकरी केली. मोठ्या अधिकाऱ्यांसाठी कोच नेमतात हे तिथेच प्रथम पाहिले, पुढे त्याचे रीतसर शिक्षण घेतले आणि नोकरी सोडल्यावर हेच काम चर्चच्या पुढाऱ्यांसाठी करायचे ठरवले. पुण्यात कोचिंग हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दहावी-बारावीचे क्लास उभे राहतात, म्हणून आधी थोडा खुलासा करते. क्लासमध्ये उत्तर शिकवणाऱ्याजवळ असते. मी ज्या कोचिंगबद्दल लिहीत आहे त्यात उत्तर समोरच्याने शोधायचे असते. कोचने नीट ऐकायचे, नेमके विचारायचे आणि जे ठरले त्याबद्दल पुढच्या भेटीत आठवणीने पुन्हा विचारायचे. एखाद्या पाळकाचे खजिनदाराशी बिनसले असेल, तर वडीलधारे सेवक आपल्या काळात आपण काय केले ते सांगतील, समुपदेशक त्या रागाची मुळे कुठवर गेली आहेत ते पाहील, आणि कोच विचारेल की येत्या रविवारी खजिनदार समोर आले तर तुम्हाला त्यांच्याशी कसे वागायचे आहे. तिन्ही कामे गरजेची आहेत. आपल्याकडे पहिले भरपूर मिळते, दुसरे थोडेफार मिळते, आणि तिसरे जवळजवळ मिळतच नाही.

पाळक घडवण्याच्या बाबतीत पुणे मागे नाही. युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 साली यवतमाळला सुरू झाली आणि 1983 मध्ये बिबवेवाडीला आली. कॅथलिकांची पेपल सेमिनरी तर 1955 साली श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्यात आली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून मुलेमुली इथे येऊन ग्रीक, हिब्रू, पवित्र शास्त्र आणि उपदेशकला शिकून जातात. माझी काळजी त्यानंतरच्या काळाची आहे. दीक्षा होऊन बारा-पंधरा वर्षे झालेली असतात, दोन-तीन बदल्या झालेल्या असतात, राहते घर चर्चच्या आवारातले असते आणि मुलांच्या शाळा अर्ध्यावर बदललेल्या असतात. अशा वेळी त्या माणसाला मंडळीतला प्रत्येक जण काही ना काही मागतो, वरिष्ठ अहवाल मागतात, आणि त्याला स्वतःला काय वाटते हे विचारायला कोणी नसते. कॅथलिक परंपरेत आध्यात्मिक मार्गदर्शकाकडे नियमाने जाण्याची जुनी रीत आहे. आम्हा प्रोटेस्टंट मंडळ्यांत ती जागा रिकामीच राहिली, असे मला वाटते.

पुढाऱ्यांच्या शिबिरांत हमखास बायबलमधली इथ्रोची गोष्ट सांगतात. निर्गमच्या 18व्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवताना पाहतो आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसे नेमायला सांगतो. खरे पाहता इथ्रोने दिला तो सल्ला होता आणि त्याला कोचिंग म्हणणे ओढूनताणून होईल. मला त्या गोष्टीत वेगळेच महत्त्वाचे वाटते: तो बोलण्याआधी दिवसभर पाहत राहिला आणि त्याचे पहिले शब्द प्रश्नाचे होते. माझ्या कामाला अधिक जवळची आहे ती एलीयाची गोष्ट. रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडलेल्या त्या संदेष्ट्याला देव आधी झोपू देतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, आणि पुढे होरेब डोंगरावर गेल्यावरच त्याला विचारतो की तू इथे काय करतोस. तोच प्रश्न दोनदा विचारला जातो, आणि दोन्ही वेळा एलीयाला त्याची पूर्ण कैफियत मांडू दिली जाते. म्हणून नवे पाळक प्रथम भेटतात तेव्हा मी सेवेबद्दल काही न विचारता आधी झोप आणि जेवण यांची चौकशी करते. कितीदा तरी तेवढ्यावरच पहिली भेट संपते.

एक प्रसंग सांगते. त्या पाळकांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे सारे तपशील बदलून. शहरातल्या एका जुन्या मंडळीचे ते पाळक. तिसऱ्या भेटीतही ते इमारतीच्या दुरुस्तीबद्दल, गळक्या छपराबद्दल आणि वर्गणीबद्दलच बोलत होते. मी विचारले, "रविवारच्या दिवसातला कोणता क्षण तुम्हाला सर्वांत जड जातो?" ते गप्प झाले. खिशातून त्यांनी बसचे तिकीट काढले, त्याची घडी घातली, मग आणखी एक, इतकी की ते तिकीट हरभऱ्याएवढे झाले. बाकावरचा फोन दोनदा थरथरला आणि त्यांनी तो उलटा ठेवला. त्या तीन-चार मिनिटांत माझ्या ओठांवर बायबलमधली दोन वचने आणि एक दिलाशाचे वाक्य येऊन गेले. मी ते गिळले. शेवटी ते म्हणाले, "ताई, उपासना संपल्यावर मला दारात उभे राहायची भीती वाटते."

आपल्या मंडळ्यांत आशीर्वादानंतर पाळक दारात उभे राहून प्रत्येकाचा हात हाती घेतात. त्या दोन सेकंदांच्या भेटीत लोक त्यांना पंख्याची तक्रार सांगतात, भावाभावांतल्या वाटणीचे गाऱ्हाणे सांगतात, गेल्या आठवड्यात आजोबांना भेटायला का आला नाहीत हे विचारतात. प्रवचनाचे शब्द अजून तोंडात असतानाच हे सारे अंगावर येते, आणि संध्याकाळी त्यातले निम्मे आठवत नाही, म्हणून अपराधी वाटत राहते. हे सगळे त्यांनीच सांगितले. मी एवढेच विचारले की त्या दारात काय असायला हवे असे तुम्हाला वाटते. त्यांनी स्वतःच ठरवले की दोन पंच वही घेऊन शेजारी उभे राहतील, तक्रारी तिथे लिहून घेतल्या जातील, आणि दारात ते फक्त माणसांची विचारपूस करतील आणि आजाऱ्यासाठी प्रार्थना करतील. पंच कमिटीने सुरुवातीला नाक मुरडले. तीन महिन्यांनी त्या वहीत इतक्या नोंदी झाल्या की दुरुस्तीसाठी वेगळी समिती नेमावी लागली. दारातली भीती पूर्ण गेली असे ते म्हणत नाहीत, पण आता शनिवारी रात्री झोप लागते असे सांगतात.

त्या शांततेबद्दल मला आग्रहाने लिहायचे आहे. आपण ख्रिस्ती माणसे शांतता फार लवकर भरून काढतो. समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आले की आपण वचन काढतो, आणि वचन पुरले नाही की डोळे मिटून प्रार्थना सुरू करतो. वचनावर आणि प्रार्थनेवर माझा पूर्ण विश्वास आहे, पण चुकीच्या क्षणी उच्चारलेले वचन समोरच्याचे तोंड बंद करते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आणि पाळकांच्या बाबतीत तर ते वचन त्यांनी स्वतः शंभर घरांत सांगितलेले असते. आंधळ्या बार्तीमयाला काय हवे होते हे यरीहोच्या वाटेवरच्या पोरासोरांनाही कळत होते. तरीही प्रभू येशूने त्याला विचारले की मी तुझ्यासाठी काय करावे, आणि उत्तर येईपर्यंत तो थांबला.

मराठीत प्रश्न विचारणे हे स्वतंत्र शिक्षण आहे. माझे प्रशिक्षण इंग्रजीत झाले आणि तिथले प्रश्न मी पहिली दोन वर्षे जसेच्या तसे मराठीत आणून विचारत होते. "तुमच्यासाठी यश कसे दिसते?" असे विचारल्यावर ग्रामीण भागातून आलेले एक पाळक माझ्याकडे नुसते पाहत राहिले. आता मी म्हणते, "हे काम मनासारखे झाले असे तुम्हाला कधी म्हणता येईल?" मग उत्तर येते. "का" हा शब्द तर मी जवळजवळ सोडूनच दिला आहे, कारण आपल्याकडे "असे का केलेत?" हा पंचांच्या बैठकीतला जाब असतो, आणि तो कानावर पडताच माणूस बचावाला उभा राहतो. "त्या वेळी तुमच्या मनात काय चालले होते?" असे विचारले की तोच माणूस सैल होतो.

माझ्याकडून झालेली एक मोठी चूक इथे लिहिणे मला गरजेचे वाटते. उपनगरात शाळेचे सभागृह भाड्याने घेऊन रविवारची उपासना चालवणारे एक तरुण पास्टर माझ्याकडे येत असत. त्यांनी विचारले, "ताई, उपासना सकाळऐवजी संध्याकाळी घेऊ का?" मी मोठ्या आत्मविश्वासाने हो म्हणाले आणि कारणेही दिली. मी वयाने मोठी, कारखान्यातल्या अनुभवाची, म्हणून त्यांनी ते आज्ञेसारखे पाळले. कामाच्या पाळ्यांमुळे सहा कुटुंबे यायची बंद झाली. त्याहून वाईट हे की मंडळीने त्यांना जाब विचारला तेव्हा देण्यासारखे त्यांच्याजवळ स्वतःचे काहीच नव्हते, कारण तो निर्णय माझा होता. मी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. आपल्या समाजात वडीलधाऱ्याचा शब्द मोडवत नाही, आणि म्हणूनच इथल्या कोचने तो शब्द अधिक जपून वापरला पाहिजे.

स्वतःच्या आत पिकलेला निर्णय किती टिकतो याचे उदाहरण मराठी ख्रिस्ती माणसाला बाहेर शोधावे लागत नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो पाच वर्षांनी, 1900 साली. जातिभेदाची गाठ आपल्या मनात आपल्याच विचाराने कशी सुटली हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहून ठेवले आहे. आणि मग त्या आयुष्यभर त्या श्रद्धेवर उभ्या राहिल्या.

कोचिंगच्या जगात ‘ग्रो’ नावाची एक पद्धत फार चालते: ध्येय, सद्यस्थिती, पर्याय आणि शेवटी निश्चय. सर जॉन व्हिटमोर यांच्या 1992 सालच्या पुस्तकामुळे ती सर्वत्र पोहोचली. मीही ती वापरते, पण चर्चमध्ये तिच्या शेवटच्या पायरीवर एक धोका आहे. कारखान्यातला व्यवस्थापक ठरलेले काम करू शकला नाही तर तो नवी तारीख घालतो. पाळक मात्र ठरवलेल्या गोष्टीला देवासमोरचा नवस मानतात, आणि ती राहिली की त्यांना पाप केल्यासारखे वाटते. मग पुढच्या भेटीला ते येतच नाहीत. म्हणून भेटीच्या शेवटी प्रार्थना करायची झाल्यास ती मी आभाराची करते, शपथेची करत नाही.

गुप्ततेबद्दल मी पहिल्याच दिवशी लेखी ठरवून घेते. मी त्यांच्या बिशपांना, पंचांना किंवा पत्नीलाही काही सांगत नाही, आणि ज्या मंडळीची मी सभासद आहे तिच्या पाळकांना मी कोच म्हणून घेत नाही. दोन गोष्टी मात्र या वचनाबाहेर आहेत. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची भीती असल्याचे कळले, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि मी ते कळवणार. दुसरे म्हणजे, जगण्याची इच्छा उरली नाही असे कोणी म्हणाले तर तिथे कोचिंग थांबते. मी त्यांच्यासोबत मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मी प्रत्येकाला फोनमध्ये साठवायला सांगते. विश्वासी माणसाला नैराश्य येत नाही असे आपल्याकडे अजूनही व्यासपीठावरून बोलले जाते, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

पैशाबद्दल थोडक्यात: छोट्या मंडळ्यांकडून मी काही घेत नाही, पण पाळकांचे महिन्यातले दोन तास या कामासाठी राखल्याचा पंच कमिटीचा ठराव मात्र मागते, कारण ठरावाशिवायच्या भेटी पहिल्या अंत्यविधीला रद्द होतात आणि मग होतच नाहीत.

पाळकबाईंचा, म्हणजे पाळकांच्या पत्नींचा, विचार मी फार उशिरा केला. महिला मंडळ त्यांनी चालवायचे, नाताळची कॅरल पार्टी रात्री अकराला आली तरी चहाफराळ त्यांनी करायचा, आणि बदलीचे पत्र आले की स्वतःची नोकरी त्यांनीच सोडायची. गेल्या वर्षापासून चौघींना मी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी माझ्या घरी बोलावते. पहिल्या शनिवारी त्यांतल्या एकीने तासभर स्वयंपाकघरात मला मदत करण्याचा हट्ट धरला. तिला खुर्चीवर बसवायलाच माझे तीन महिने गेले.

येत्या जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की आणखी एक प्रयोग करणार आहोत. वेगवेगळ्या पंथांचे तीन पाळक एकत्र बसतील. एक बोलेल, दुसरा विचारेल, तिसरा नुसता ऐकेल, आणि दर चाळीस मिनिटांनी जागा बदलतील. मी बाजूच्या बाकावर असेन. डबे घरून आणायचे ठरले आहे, आणि फोन माझ्या पिशवीत जमा करायचे.